चुन्याचा उजेड

६ फेब्रुवारी

पोरी,

तुझा पत्ता तुझ्या मैत्रिणीने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तिच्या पायरीवर बसकण मारली आणि उठायचं नाव घेईना, तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला आहेस म्हणाली. चादरी मशीनमध्येच धुतात ना? तुला पाण्यात हात घालावे लागत नाहीत ना? एवढंच कळव. बाकी काही विचारणार नाही.

इथे सगळं ठीक आहे. बाबांचा गुडघा दुखतो, पण दारावरची बेल वाजली की बरा होतो. अजूनही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतात. न जाणो, एखादा पेपरचा बातमीदार आला तर! पण आता येतो तो फक्त मीटर बघणारा. त्यालाच धरून भिंतीवरचा फोटो दाखवतात. "ही आमची जलपरी. शाळेची बस कालव्यात गेली तेव्हा उडी घालून पोरं काढली ना, ती हीच. आमचीच." तो बिचारा मीटर विसरून निघून जातो.

तू गेलीस त्या दिवशी तो फोटो भिंतीकडे तोंड करून लावला होतास. बाबांनी लगेच सरळ केला. तुमचं भांडण माझ्या कानात अजून आहे. "तुम्हाला मी हवी की तो फोटो?" तू विचारलंस आणि बाबा म्हणाले, "दोन्ही." त्यांना तो विनोद वाटला होता गं. मी भाजी चिरत होते. मध्ये पडले नाही, म्हटलं निवळेल चार दिवसांत.

खरं सांगायचं तर मलाही तो फोटो आवडतो. ओल्या केसांनी तू काठ चढून येते आहेस, खांद्यावर ते पोर. त्याचा चेहरा दिसत नाही, पाठ तेवढी दिसते आणि एक अनवाणी पाय. पण तुझा चेहरा! असा चेहरा मी तुझा आधी कधी पाहिला नव्हता. चौकातल्या होर्डिंगवर तो लागला तेव्हा मी दुकानातून येताना वाट वाकडी करून तिकडून यायचे. लोक वर बघायचे आणि मी त्यांच्याकडे बघायची.

तू जाताना ठेवलेल्या चिठ्ठीत होतं, "आई, मला आता लो प्रोफाइल राहायचंय." मला अर्थच लागला नाही. पण आमच्या मालकांच्या डोक्यात आलंय की कपड्यांच्या दुकानातही सगळ्यांना इंग्रजी यायला हवं, आम्हा अल्टरेशनच्या बायकांनासुद्धा. दुकान उघडायच्या आधी वरच्या गोदामात वर्ग भरतो, खोक्यांवर बसून. मी इंग्रजीच्या बाईंना तुझा शब्द विचारला. त्या म्हणाल्या, "म्हणजे कोणाच्या डोळ्यांवर येऊ नये असं राहणं."

म्हणजे तुला आमच्याही डोळ्यांवर यायचं नाही का?

आई


१९ फेब्रुवारी

पोरी,

तुझं उत्तर नाही. हरकत नाही. पत्र परत आलं नाही, म्हणजे पोचलं.

माझ्या त्या एका प्रश्नामुळे बाईंना हुरूप आलाय. आता रोज फळ्यावर तोच विषय. लोकांच्या नजरेत भरायचं कसं आणि नजरेतून सुटायचं कसं, यावर इंग्रजांनी किती डोकं चालवलंय! लाइमलाइट म्हणजे म्हणे चुन्याचा उजेड. विजेच्या आधी नाटकांत चुन्याचा तुकडा ज्योतीत तापवायचे आणि त्याचा पांढराफटक उजेड नटावर पाडायचे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "मी आजवर लिंबाचा समजत होतो." मी म्हटलं, आपल्याकडेही चुना लावतात, पण त्याने अंधारच होतो.

बाबा हसले.

अंडर द रडार म्हणजे यंत्रालाही पत्ता लागू न देता खालून उडून जाणं. लाय लो म्हणजे पडून राहणं, वादळ जाईपर्यंत. आणि एक आहे, कीप युअर हेड डाउन. याचा अर्थ बाईंनी सांगितला की गुपचूप आपलं काम करायचं, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी हात वर केला. म्हटलं, बाई, आमच्यात मान खाली घालणं म्हणजे लाज वाटणं. काहीतरी केलेलं असतं तेव्हा माणूस मान खाली घालतो. बाई म्हणाल्या, "इंग्रजीत तसं नाही. इंग्रजीत मान खाली घातलेला माणूस शहाणा असतो."

मला तू जातानाची आठवलीस. बॅग घेऊन जिना उतरत होतीस. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी दार उघडून "जलपरी, किती दिवसांनी दिसलीस!" म्हटलं आणि तुझी मान खाली गेली. मी वरून बघत होते. पोरी, ती मान इंग्रजीतली होती की आपल्यातली?

दुसरं काय लिहू? काम भरपूर आहे. परवा एक गिऱ्हाईक आलं होतं. आमच्या दुकानाच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला येतात ना, ते. वर्षानुवर्षं येतात, पण त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. लिफ्ट चालली की लिफ्टवाला कोणाला आठवतो? एक छोटा फ्रॉक घेऊन आले होते, निळा, बारीक फुलांचा. आधी नळावर जाऊन हात धुतले, ग्रीस निघेपर्यंत घासले, मग पिशवीतून काढला. म्हणाले, "लांबी वाढवून हवी." आतली दुमड चांगली रुंद होती, उसवून खाली सोडता येण्यासारखी. मी म्हटलं, "पोर झपाट्याने वाढतंय वाटतं."

ते म्हणाले, "हो. वाढलीच असती."

मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. दुमड सोडली, नवी घातली. जुन्या दुमडीची रेघ मात्र राहिली, इस्त्रीने जाईना. फ्रॉक तयार होऊन टांगलाय. ते अजून न्यायला आलेले नाहीत.

आई


४ मार्च

पोरी,

हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. आता जसं होईल तसं लिहिते.

सोमवारी बाईंनी फळ्यावर लिहिलं, मेक अ स्प्लॅश. पाण्यात धप्पकन उडी मारल्यावर पाणी उडतं, तो स्प्लॅश. म्हणजे असं काहीतरी करणं की सगळ्यांनी वळून बघावं. बाईंनी वाक्यं करायला सांगितली. शेजारची काउंटरवरची मुलगी माझ्याकडे बघून हसत म्हणाली, "काकूंच्या मुलीने केलं ना, तसं!" तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सगळे माझ्याकडे बघून कौतुकाने हसले. आणि मला काय झालं कोण जाणे, कानात पाणी शिरल्यासारखं झालं. फळ्यावरची अक्षरं दिसत होती, बाईंचे ओठ हलताना दिसत होते, आवाज मात्र लांबून. मी उठून बाहेर आले.

जिन्यात लिफ्टवाले होते. लिफ्टचं दार उघडं टाकून खाली बसून काहीतरी आवळत होते. मी म्हटलं, "फ्रॉक तयार आहे, केव्हाचा."

"माहीत आहे," ते म्हणाले. पाना खाली ठेवला. "तुम्ही जलपरीच्या आई ना?"

मी नेहमीसारखं हो म्हटलं. पदर सावरला, म्हणजे बघ माझी खोड. वाटलं, आता कौतुक करतील.

ते म्हणाले, "त्या फोटोत खांद्यावर आहे ना, ती माझी."

मी हसून म्हटलं, "अय्या, हो का? कशी आहे आता?"

पोरी, मी असं विचारलं. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही.

ते रागावले नाहीत. सावकाश सांगत राहिले, जणू मशीन कसं चालतं ते समजावून देत होते. "सगळ्यांना वाटतं ते पोर वाचलं. पाठीमागून सगळी पोरं सारखी दिसतात, एकाच गणवेशातली. दोन घरांनी तो फोटो आमचाच म्हणून भिंतीवर लावलाय. मी त्यांना काही बोललो नाही. पण तो पाय माझ्या ओळखीचा आहे. सकाळी बूट मीच घातले होते. डावा सैल होता. म्हटलं, संध्याकाळी दुसरे आणू."

मी पायरीवर बसले. म्हटलं, "मग तुम्ही ते होर्डिंग काढायला का नाही सांगितलंत? भर चौकात, रोज?"

"रोज जातो मी तिथे," ते म्हणाले. "काढायला कशाला सांगू? हॉस्पिटलमध्ये मी तिला पाहिली ती वेगळी. इथे ती कोणाच्या तरी खांद्यावर झोपल्यासारखी दिसते."

थोड्या वेळाने म्हणाले, "मला कोणाला जाब विचारायचा नाही ताई. फक्त एक माहीत करून घ्यायचंय. त्या फोटोत तिच्यात जीव आहे की नाही?"

तू आम्हाला काहीच सांगितलं नाहीस. आता कळतं, आम्ही ऐकायला गप्प बसलोच कुठे?

घरी आले. फोटोसमोर उभी राहिले आणि मला पहिल्यांदा तुझा चेहरा दिसेना, तो पाय दिसला. मी फोटो भिंतीकडे फिरवला. बाबा ओरडले, "तूसुद्धा?" मग मी त्यांना सांगितलं. ते खुर्चीत बसून राहिले. नंतर उठले, खुर्चीवर चढले, त्या दुखऱ्या गुडघ्याने, फोटो उतरवला आणि खिळाही उपटला. भिंतीला भोक पडलंय. त्यावर ते बोट ठेवून उभे होते, जणू तिथून काहीतरी गळतंय.

तुझा पत्ता मी लिफ्टवाल्यांना दिलेला नाही. त्यांनी मागितलाही नाही. तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. पण मला माहीत असून तुला न सांगणं मला जमेना.

आई


१८ मार्च

पोरी,

तो फ्रॉक अजून मागच्या खोलीत टांगलेला आहे. पंखा लावला की हलतो. बरोबरच्या बायका म्हणतात, नेत नसतील तर खोक्यात घालून ठेवा. मला हात लावावासा वाटत नाही. मशीनवर बसले की तो पाठीमागे असतो आणि मला सारखं वाटतं, कोणीतरी उंबऱ्यात येऊन थांबलंय, आत ये म्हणायची वाट बघतंय. वळून बघते तर कोणी नाही.

बसमध्ये आयांच्या खांद्यावर पोरं झोपलेली असतात. आधी मी त्यांचे चेहरे बघायची, आता पाय बघते. दोन्ही बूट असले की श्वास सुटतो.

चौकात गेले होते. बघायचं नव्हतं, तरी बघितलं. उन्हाने होर्डिंगचा रंग उडालाय. तुझा चेहरा पार फिकटलाय, नाक-डोळे नुसते अंदाजाने कळतात. खालच्या बाजूला समोरच्या इमारतीची सावली पडते, म्हणून तो पाय मात्र अजून जसाच्या तसा आहे.

आणि काल टीव्हीची बाई आली. वर्ष होतंय ना. त्यांना मोठा कार्यक्रम करायचाय, कालव्याच्या काठावर मंडप, दिवे. तुला आणायचं, वाचलेल्या पोरांना आणायचं आणि "ज्या दुर्दैवी मुलीचा", असं म्हणाली ती, तिच्या वडिलांना आणायचं. म्हणे दोघांची पहिली भेट कॅमेऱ्यासमोर झाली तर लोकांच्या काळजाला भिडेल. गोड बोलत होती. तुझा पत्ता मागत होती.

मी बाबांकडे बघितलं. इस्त्रीचा शर्ट अंगात होता. मी मनात म्हटलं, गेलं, आता हे सांगणार.

बाबा म्हणाले, "आमची मुलगी तुम्हाला सापडायची नाही. चहा घेणार असाल तर घ्या, आणि निघा."

ती म्हणाली, "काका, तिला लाइमलाइटची भीती वाटते का?"

बाबा म्हणाले, "तो उजेड चुन्याचा असतो, बाई. डोळ्यांत गेला तर भाजतो."

मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी माझं एखादं बोलणं लक्षात ठेवल्याचं हे पहिलंच.

लिफ्टवाल्यांकडेही ती गेली होती. त्यांनी तिला लिफ्टच्या खड्ड्यातून उत्तर दिलं म्हणे, वर आलेच नाहीत.

आई

ताजा कलम: पाकीट चिकटवत होते तेवढ्यात तुझं कार्ड आलं. "रविवारी येते. त्यांना बोलवा. दुसरं कोणी नको." एवढंच. मी ते इतक्या वेळा वाचलं की बाबा म्हणाले, "अगं, तीनच ओळी आहेत, पाठ करतेस की काय?" तू निघण्याआधी हे पत्र पोचणार नाही, तरी टाकते.


२६ मार्च

पोरी,

नीट पोचलीस का? गाडीत बसायला जागा मिळाली का? थैलीत तळाशी नवा टॉवेल घातला आहे, तो दुसऱ्यांना देऊन टाकू नकोस.

रविवारी जे झालं ते तुझ्यासमोरच झालं. तरी लिहिते आहे, कारण बोलताना तुझी नजर जमिनीवर होती. तुला जे दिसलं नाही ते मी बघत होते.

ते आले तेव्हा बाबांनी त्यांना आपली खुर्ची दिली. तू समोर स्टुलावर. मी स्वयंपाकघराच्या दारात. तू एकदम सुरू केलंस, पाणी पिण्याइतकाही वेळ घेतला नाहीस. म्हणालीस, "जीव होता. ती जिवंत होती."

तेव्हा त्यांनी खुर्चीचा हात धरला.

तू सांगत होतीस. तिला काठावर आणलंस, ती खोकली, डोळे उघडले. बसमध्ये अजून पोरं होती, ओरडण्याचा आवाज येत होता. काठावर माणसांची ही गर्दी. तू तिला गवतावर ठेवलंस, ओरडून म्हणालीस, "हिला कोणीतरी धरा," आणि पुन्हा उडी मारलीस. परत वर आलीस दुसरं पोर घेऊन, तर ती तिथेच, तशीच, एकटी. सगळ्यांचे हात वर होते, हातांत फोन. तुझं ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. "सगळे माझ्याकडे बघत होते. तिच्याकडे कोणीच बघत नव्हतं."

तेव्हा त्यांची मूठ आवळली गेली. हेही तुला सांगते, लपवत नाही. मला भीती वाटली, आता हे उठतील, तुला काहीतरी बोलतील. आणि बोलले असते तर मी काय म्हणणार होते? त्यांनी मात्र बाबांकडे बघितलं. बाबा रडत होते, उघडपणे, शर्टाच्या बाहीने डोळे पुसत. का कोण जाणे, ते बघून त्यांची मूठ सुटली.

ते म्हणाले, "तुम्ही पुन्हा पाण्यात गेला नसता, तर दुसऱ्या कोणाचा बाप इथे बसला असता."

हे तू ऐकलंस. पण ते वाक्य त्यांनी घरून तयार करून आणलेलं नव्हतं, हे तू बघितलं नाहीस. माणूस पाठ केलेलं बोलतो तेव्हा मला कळतं. बाबांना मी वर्षभर ऐकलंय.

मग तू म्हणालीस, "ठेवायच्या आधी मी तिला नाव विचारलं. शुद्धीवर राहावी म्हणून. तिने काहीतरी सांगितलं. पण पेपरात आलं ते नाव वेगळंच होतं. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. किंवा तिला काही मागायचं असेल, आणि मला कळलंच नाही. वर्षभर तो शब्द माझ्या कानात आहे."

त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?"

तू तो शब्द सांगितलास. मी तो इथे लिहीत नाही, तो आपला नाही. एवढुसा शब्द, दोन अक्षरांचा. माझ्या कानाला तर नुसता आवाजच वाटला, चिमणीला हाक मारल्यासारखा.

पोरी, तू तेव्हा तरी मान वर करायला हवी होतीस. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला सांगता येत नाही. दुःख होतंच, पण त्याच्या वर दुसरं काहीतरी आलं. अंधाऱ्या घरात आपण एकटे आहोत असं वाटत असताना आतल्या खोलीतून कोणीतरी ओ द्यावी, तसं काहीतरी. ते फक्त म्हणाले, "हो. तेच नाव." आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तुला वाटलं, तू त्यांना आणखी दुखावलंस. म्हणून उठलीस, गाडीची वेळ झाली म्हणालीस. मी अडवलं नाही. बाबा स्टेशनपर्यंत आले, तेवढं तू त्यांना करू दिलंस, बरं केलंस.

त्यानंतरचं ऐक.

ते खुर्चीतच बसून होते. मी पाणी दिलं. घरात आम्ही दोघंच. मग आपणहून बोलायला लागले. म्हणाले, "तिची आई ती रांगत असतानाच गेली. ते नाव आमच्या दोघांतलंच होतं. तिनेच स्वतःला ठेवलेलं, बोबडं बोलायची तेव्हा. पेपरात आलं ते शाळेतलं. लाजरी होती हो फार. कोणी जरा रोखून बघितलं की माझ्या मागे लपायची. बाहेरच्या कोणीही नाव विचारलं, डॉक्टर असो, मास्तरीण असो, शेजारीण असो, की शाळेतलंच सांगायची. एकदा मी बसमध्ये सगळ्यांसमोर तिला त्या नावाने हाक मारली, तर घरी येईपर्यंत बोलली नाही माझ्याशी. म्हणाली, ते परक्यांना सांगायचं नसतं."

ग्लास खाली ठेवला. उठले, दाराशी जाऊन बूट घातले, नाड्या बांधल्या. किती वेळ बांधत होते. मग तसेच वाकलेले असताना म्हणाले,

"तुमच्या मुलीला पत्र लिहाल तेव्हा एवढं कळवा. माझ्या लेकीने तिला ते नाव सांगितलं. म्हणजे त्या वेळी ती तिला परकी वाटली नाही."

आई